ट्रॉलीच्या पाठीवरचा अंधार

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे.

विषय : शिरूर आणि दौंड तालुक्यांत रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या ऊसवाहनांबाबत.

मा. आयुक्त,

न्हावऱ्याहून निघालेला रस्ता पारगावला भीमा ओलांडतो आणि केडगाववरून चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो. नदीच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड, आणि दोन्ही तीरांना ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की या रस्त्याला रात्रीही झोप नसते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, लहान ट्रॅक्टरला जोडलेली जुगाडं, ट्रक, बैलांच्या टायरगाड्या असा सगळा लवाजमा फडातून कारखान्याच्या वजनकाट्याकडे आणि काट्यावरून पुन्हा फडाकडे फिरत असतो. त्याच वेळी रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटते, दुचाकीवरची तरुण पोरे घराकडे निघतात. यातली एखादी ट्रॉली पंक्चर होऊन किंवा एक्सल तुटून रस्त्यावरच उभी असते. तिच्या पाठीवर दिवा नसतो. पुढे काय होते ते ठाण्यातल्या नोंदीत एका ठरावीक वाक्यात लिहिलेले असते: अंधारात उभी असलेली ट्रॉली न दिसल्याने पाठीमागून धडक.

त्या वाक्यावर गावात जी चर्चा होते तीही ठरलेली. झोप लागली असेल. मोबाईल बघत असेल. घेतलेली असेल. काही वेळा ते खरेही असते. पण पूर्ण जागा, शुद्धीवर असलेला, समोर बघत गाडी चालवणारा माणूसही उघड्या डोळ्यांनी त्या ट्रॉलीवर जाऊन आदळू शकतो. ती त्याच्या दिव्यांच्या उजेडात असते, त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर तिची प्रतिमा पडलेली असते, आणि तरीही ती त्याला दिसत नाही. नजरेच्या शास्त्राने गेल्या काही दशकांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा मोजून दाखवली आहे. एकदा ती मान्य केली की अपघाताची जबाबदारी फक्त आदळणाऱ्यावर टाकून मोकळे होता येत नाही. म्हणूनच हे पत्र परिवहन खात्याला किंवा पोलिसांना न लिहिता आपल्याला लिहिले आहे. उसाचे प्रत्येक वाहन दर खेपेला ज्या काट्यावरून जाते, तो काटा ज्या कारखान्याचा असतो, त्या कारखान्याला गाळप परवाना आपले कार्यालय देते.

आधी शास्त्राचे. २००५ मध्ये जेरेमी वुल्फ, टॉड होरोविट्झ आणि नाओमी केनर या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पडद्यावर एकावर एक पडलेल्या वस्तूंची चित्रे दाखवायची, विमानतळावर क्ष-किरण यंत्रात बॅग दिसते तशी, आणि त्यांत एखादे अवजार आहे का ते विचारायचे. अवजार दर दोन चित्रांमागे एकात असेल तेव्हा लोकांच्या नजरेतून सुटणाऱ्या अवजारांचे प्रमाण ७ टक्के होते. दहातल्या एकाच चित्रात असेल तेव्हा ते १६ टक्के झाले. आणि शंभरात एकाच चित्रात असेल तेव्हा ३० टक्के. माणसे तीच, डोळे तेच, अवजारेही तीच. बदलली होती ती फक्त वस्तू भेटण्याची वारंवारता.

पुढे ड्यूक विद्यापीठातल्या स्टीफन मिट्रॉफ आणि अॅडम बिग्ज यांनी मोबाईलवरच्या एका खेळातला प्रचंड मोठा साठा तपासला. खेळ विमानतळावरच्या तपासनिसाचा, बॅगांमधल्या निषिद्ध वस्तू शोधण्याचा. शंभरात एकापेक्षा जास्त वेळा येणाऱ्या वस्तू खेळाडूंना ९२ टक्के वेळा सापडत होत्या. हजारात दीड वेळाही न येणाऱ्या अतिदुर्मीळ वस्तू मात्र फक्त २७ टक्के वेळा सापडल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचताना चौफुला ते पाटस हा महामार्गाचा तुकडा डोळ्यांसमोर आणावा. त्या पट्ट्यातून रोज जाणाऱ्या माणसाच्या पुढे वर्षभरात किती वाहने येतात, आणि त्यातले मधोमध, दिव्याविना, निश्चल उभे असलेले किती? हजारात दीड हे प्रमाणही इथे फार मोठे ठरेल.

असे का होते याची कारणे दोन पातळ्यांवर सांगता येतात. एखादी गोष्ट क्वचितच सापडते हे मेंदूला उमगले की तो शोध लवकर आवरता घेतो. 'इथे काही नाही' हा निकाल झटकन देतो. शिवाय काहीतरी अंधुक दिसले तरी ते तेच आहे असे मानायला त्याला जास्त पुरावा लागतो. रस्त्यावरचा काळसर ठिपका ही सावली असेल, झाडाची फांदी असेल, पुढे चाललेल्या गाडीचा मागचा भाग असेल. हे सगळे पर्याय उभ्या ट्रॉलीपेक्षा जास्त संभवनीय असतात, म्हणून आधी तेच गृहीत धरले जातात. यात आळस नाही. रोजच्या हजार निर्णयांत हा हिशेब बरोबर येतो म्हणूनच मेंदू तो वापरतो.

पण चालक तर ट्रॉली शोधतही नसतो. त्याचे लक्ष रस्त्याच्या कडेवर, समोरून येणाऱ्या दिव्यांवर, खड्ड्यांवर असते. शोधायलाच न घेतलेली गोष्ट किती सहज निसटते याचा सर्वांत ठळक पुरावा डॉक्टरांवरच केलेल्या एका प्रयोगाने दिला. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन देऊन त्यातल्या बारीक गाठी शोधायला सांगितले. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचे एक चित्र घुसवले होते, नेहमीच्या गाठीपेक्षा ४८ पट मोठे. २४ पैकी २० तज्ज्ञांना गोरिला दिसला नाही. त्यांची नजर कुठे कुठे जाते याची नोंद यंत्र ठेवत होते. न दिसलेल्या २० जणांपैकी १२ जणांनी थेट गोरिलाकडे बघितले होते. आयुष्य स्कॅन वाचण्यात घालवलेली ही माणसे. त्यांच्या हुशारीवर, निष्ठेवर, डोळ्यांवर शंका घ्यायला जागा नाही. ही माणसे गाठ शोधत होती, आणि गोरिला गाठ नव्हता.

कुरकुंभहून रात्री परतणाऱ्या पोराला 'लक्ष कुठे होते' असे विचारणाऱ्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवावा.

रस्त्यावरचा याहून जवळचा पुरावाही आहे, आणि तो जुना आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत रोपर आणि हॉवर्ड या दोघांनी रात्रीच्या रस्त्यावर माणसाएवढा गडद पुतळा उभा केला. पुतळा आहे हे माहीत नसलेल्या चालकांना तो ज्या अंतरावरून दिसला, त्याच्या साधारण दुप्पट अंतरावरून तो माहीत झाल्यावर दिसला. दिवे तेच, रस्ता तोच. नुसती अपेक्षा नसल्याने दिसण्याचे अंतर निम्म्यावर आले होते.

त्यात प्रतिक्रियेला लागणारा वेळ धरायला हवा. ब्रेक लावावा लागणार हे ठाऊक असेल तर चालकाचा पाय पाऊण सेकंदाच्या आसपास ब्रेकवर जातो. पूर्ण अनपेक्षित अडथळा आला तर दीड सेकंद लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पडण्याआधीच ३३ मीटर गेलेले असतात. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला तरी थांबायला आणखी साधारण ३५ मीटर हवेत. डिपरवर असलेल्या दिव्यांच्या उजेडात चिखलाने माखलेली, पाचटाच्या रंगाची ट्रॉली सत्तर मीटरवरून ओळखू येईल, अशी आशा कुणी धरू नये.

ससेक्स विद्यापीठातले मार्टिन लँगहॅम आणि सहकारी यांचा २००२ चा अभ्यास तर या प्रश्नाच्या अगदी गाभ्याला हात घालतो. ब्रिटनमध्ये रस्त्याच्या कडेला थांबलेल्या पोलिसांच्या गाड्यांवर लोक येऊन आदळत, आणि 'दिसलीच नाही' असे सांगत. त्या गाड्या रंगीत पट्ट्यांच्या, दिवे लुकलुकणाऱ्या. न दिसण्याचे काही कारणच नव्हते. प्रयोगातून दिसले ते असे : गाडी वाहतुकीच्या दिशेला सरळ तोंड करून उभी असेल तर ती उभी आहे हे ओळखायला जास्त वेळ लागतो, तिरकी उभी असेल तर कमी. सरळ उभी गाडी बघणाऱ्याला चालती वाटते, कारण रस्त्यावरच्या सरळ गाड्या एरवी चालतच असतात. आणि या फसगतीत अनुभवी चालक नवख्यांपेक्षा जास्त सापडले. वीस वर्षे त्याच रस्त्याने जाणारा माणूस सर्वांत सुरक्षित असतो ही आपली समजूत इथे उलटी पडते. रस्ता जितका ओळखीचा, तितकी त्याच्याविषयीची अपेक्षा पक्की, आणि त्या अपेक्षेत न बसणारी गोष्ट डोळ्यांआड.

अनपेक्षित गोष्टीची किंमत शिरूरने मोजलेली आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रांजणगावजवळ पुणे-नगर महामार्गावर चुकीच्या दिशेने आलेल्या कंटेनरवर मोटार धडकून एका कुटुंबातले पाच जण गेले. दुभाजक असलेल्या रस्त्यावर आपल्या बाजूला समोरून वाहन येणे, हे कुठल्याही चालकाच्या मनाच्या यादीत नसते.

आता ट्रॉलीच्या पाठीकडे यावे. ती नीट बघितली की प्रश्न किती साध्या गोष्टींत अडकला आहे ते कळते. बऱ्याच ट्रॉल्या तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून तयार झालेल्या असतात. मागच्या लाल दिव्याची वायर पहिल्या ट्रॉलीपर्यंत येते. दुसरीपर्यंत ती पोचली तरी फडातल्या सऱ्या आणि बांध ओलांडताना तुटते. रिफ्लेक्टर बसवलेला असतो तो फाळक्यावर, पण ऊस भरल्यावर मोळ्या मागे आणि बाजूंना हात-दोन हात बाहेर येतात, वाढे लोंबते, आणि रिफ्लेक्टर त्यामागे झाकला जातो. जो उघडा राहतो त्यावर चिखल बसतो. हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ आणि पोलीस दरवर्षी रिफ्लेक्टर बसवण्याच्या मोहिमा घेतात, कारखान्यांवर कार्यक्रम होतात, आणि ते काम चांगलेच आहे. मात्र रिकाम्या, धुतलेल्या ट्रॉलीवर नोव्हेंबरमध्ये लावलेली पट्टी जानेवारीत भरलेल्या ट्रॉलीवर दिसते का, हे रात्री रस्त्यावर जाऊन कुणी बघत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०४ वा नियम रिफ्लेक्टर लावायला सांगतो. तो नियम उसाच्या वाढ्याखाली झाकला गेला तर कागदावर पाळला जातो आणि रस्त्यावर नाही.

समोरूनही फसगत होते. ट्रॅक्टरचा एक हेडलाइट गेलेला असला की समोरच्याला ती दुचाकी वाटते, आणि दुचाकीला लागते तेवढीच जागा तो सोडतो. दोन ट्रॉल्यांच्या जोडीत ओव्हरटेक करणारा एक ट्रॉली पार करून आत वळायला बघतो, तेव्हा पुढे दुसरी असते. एक लक्ष्य सापडले की शोध थांबतो आणि दुसरे निसटते, हे रेडिओलॉजीत १९६० च्या दशकापासून माहीत असलेले दुखणे आहे. एक गाठ सापडलेल्या स्कॅनमधली दुसरी गाठ हुकण्याचा धोका असतो. रस्त्यावरच्या नजरेला त्यातून सूट मिळण्याचे कारण नाही.

आणि ते दगड. ट्रॉली बंद पडली की मागे चार दगड आणि एखादी बाभळीची फांदी ठेवायची, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत. ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण दगड रस्त्याच्याच रंगाचे, घोट्याएवढ्या उंचीचे, आणि ट्रॉलीपासून पाच-सात पावलांवर. वर हिशेब केलेल्या सत्तर मीटरच्या आत ते कुठेच उपयोगी नाहीत. ट्रॉली दुरुस्त होऊन गेल्यावर पुष्कळदा ते तिथेच राहतात, आणि मग दुचाकीस्वाराला दुसरा अडथळा होतात.

याच उसात बिबट्याही आहे, आणि त्याची गोष्ट या गोष्टीच्या बरोबर उलट आहे म्हणून सांगायला हवी. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले; त्यांत दोन लहान मुले. लोक रस्त्यावर उतरले, आणि नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात नरभक्षक ठरवलेला बिबट्या गोळ्या घालून मारण्यात आला. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या माणसांची छायाचित्रे देशभर गेली. त्यानंतर सगळ्या भागात बिबट्या दिसू लागला. खरोखरचा दिसला, तसाच कुत्र्यात, वासरात, हलणाऱ्या पानांतही दिसला. बनावट छायाचित्रे मोबाईलवरून फिरली. दुर्मीळ गोष्टीची अपेक्षा वाढली की ती निसटण्याचे प्रमाण कमी होते आणि नसतानाही दिसण्याचे वाढते, हा प्रयोगशाळेतला नियम शिरूरने त्या दिवसांत जगून बघितला. लोक घाबरट झाले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या गावाने मुले गमावली त्याच्या नजरेने घेतलेला तो योग्य पवित्रा होता. दहा खोट्या हाका परवडतात, एक खरी चुकणे परवडत नाही.

राज्याचा २०२५-२६ चा गळीत हंगाम १ नोव्हेंबरपासून सुरू झाला, म्हणजे नेमका याच दिवसांत. एकाच उसात दोन धोके होते. बिबट्यासाठी पिंजरे आले, ड्रोन आले, पथके आली, विधिमंडळात चर्चा झाली, आणि ते सगळे आवश्यकच होते. ट्रॉलीसाठी असे काही येत नाही. तिची भीती कुणाच्या मनात घर करत नाही, म्हणून तिच्याकडे नजर वळत नाही, आणि तिने घेतलेला बळी एकेकटा, वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या ठाण्यांच्या हद्दीत नोंदला जातो.

मग सगळ्यांनी जास्त लक्ष द्यावे, असे फलक लावून हे सुटेल का? 'सावधान, ऊस वाहतूक' असा बारमाही फलक चार-सहा महिन्यांनी रस्त्याच्या देखाव्यात मिसळून जातो. पावसाळ्यात, ऊस चालत नसतानाही तो तिथेच असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष करायला शिकवतो. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दुसरा एक मार्ग तपासला. दुर्मीळ लक्ष्याच्या कंटाळवाण्या शोधाआधी थोडा वेळ लक्ष्य वारंवार दाखवून, चूक झाली की लगेच सांगून सराव दिला, तर पुढच्या शोधात नजर काही काळ जागी राहते. विमानतळांवर तपासनिसांच्या पडद्यावर मधूनमधून खोट्या धोकादायक वस्तूंची चित्रे टाकतात ती याच विचाराने. हंगामाच्या तोंडावर एसटी आगारांत, एमआयडीसीतल्या कामगारांना नेणाऱ्या बसचालकांना असे प्रशिक्षण देता येईल आणि द्यावे. पण महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीस्वाराला ते देता येत नाही. तिथे नजर बदलण्यापेक्षा वस्तू बदलणे हाच खरा उपाय आहे, आणि वस्तू आपल्या अखत्यारीतल्या कारखान्यांकडे रोज येते.

दौंडने हे फार पूर्वी स्वीकारले आहे, फक्त रस्त्यावर नाही, रुळांवर. दौंड जंक्शनमधून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर दिवसा 'एलव्ही' अशी पाटी असते, रात्री लाल लुकलुकता दिवा असतो. गाडी स्थानकातून गेली की तिथला कर्मचारी ती खूण बघतो. खूण दिसली तर गाडी पूर्ण आली. दिसली नाही तर काही डबे मागे सुटलेले असू शकतात असे धरून मागची वाहतूक रोखली जाते. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात; डोळ्याने बघितलेले तोंडाने म्हणायला लावले की 'बघितले पण कळले नाही' याला जागा कमी उरते. रेल्वेने माणसाच्या नजरेवर अविश्वास दाखवून हे केले नाही. नजरेची मर्यादा ओळखून तिला आधार दिला. स्थानकापासून काही किलोमीटरवर महामार्गावरून चाललेल्या दुसऱ्या ट्रॉलीच्या पाठीवर तसली खूण असावी, ही मागणी मोठी नाही.

खुणेचा उपयोग किती होतो, याचे उत्तरही मोजलेले आहे. अमेरिकेत डिसेंबर १९९३ पासून नव्या जड ट्रेलरवर लाल-पांढरी परावर्तक पट्टी सक्तीची झाली. तिथल्या रस्ता सुरक्षा संस्थेने फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियातल्या अपघातांच्या नोंदींवरून २००१ मध्ये निष्कर्ष काढला : पट्टीमुळे अंधारात ट्रेलरच्या बाजूवर आणि पाठीवर होणाऱ्या धडका २९ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि जिथे रस्त्यावर दिवे नाहीत तिथे ४१ टक्क्यांनी. न्हावरे ते पारगाव रस्त्यावर बहुतेक ठिकाणी दिवे नाहीत. त्याच अहवालातला आणखी एक आकडा ऊसवाहतुकीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. पट्टी स्वच्छ असेल तर पाठीमागच्या धडका ५३ टक्क्यांनी कमी होतात, मळलेली असेल तर फक्त २७ टक्क्यांनी. म्हणजे पट्टीचा निम्मा फायदा एका ओल्या फडक्यात आहे.

म्हणून, मा. आयुक्त, आपल्याकडे या पत्राची मागणी अशी.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे गाळप आणि ऊसपुरवठा १९८४ च्या आदेशाखाली नियमित होतो, आणि हंगामाआधी प्रत्येक कारखाना आपल्याकडे परवाना मागायला येतो. त्या परवान्याच्या अटींत ट्रॉलीची पाठ घालावी. प्रत्येक वाहनाचे काट्यावर दोनदा वजन होते, भरलेले आणि रिकामे. रिकाम्या वजनाला ट्रॉली उभी असते तेव्हा मागची पट्टी पुसायला आणि दिव्याची वायर तपासायला दोन मिनिटे पुरतात, त्यासाठी पाणी, फडके आणि एक माणूस कारखान्याने ठेवावा. पट्टी नसलेल्या वाहनाला ती तिथेच, कारखान्याच्या खर्चाने लावून द्यावी. ट्रॅक्टरमालकाच्या बिलातून त्याचा दंड कापून घेऊ नये. दंड कापला की ट्रॉली काट्याजवळ येईपर्यंत दुसऱ्याची पट्टी उसनी घेण्याची वाट उघडते.

फाळक्यावरची पट्टी उसाखाली झाकली जाते, हे धरूनच पुढचे ठरवावे. भरून झाल्यावर मोळ्यांच्या वरून मागे सोडायचे परावर्तक कापड, ट्रॉलीच्या पूर्ण रुंदीचे, दोन्ही कडांची उंची दाखवणारे, प्रत्येक जोडीमागे एक असे कारखान्याने द्यावे. स्लिपबॉय फडात ऊस भरल्याची चिठ्ठी देतो तेव्हा कापड बांधले आहे की नाही, ते त्याच चिठ्ठीवर लिहावे. रात्री फडातून निघण्याआधीची ही शेवटची तपासणी. शेतकी विभागाकडे त्यासाठी नवे खाते उघडायला नको. माणूस, वही आणि वेळ तिथे आधीच आहे.

बंद पडलेल्या ट्रॉलीसाठी प्रत्येक ट्रॅक्टरवर दोन घडीचे परावर्तक त्रिकोण असावेत आणि ते दगडांच्या जागी नव्हे, तर बरेच मागे, शंभर पावलांवर ठेवायचे हे चालकाला दाखवून द्यावे. लँगहॅमच्या अभ्यासाने सांगितले तसे, चमकणारी वस्तू दिसली तरी ती उभी आहे की चालली आहे हे वेगळे कळावे लागते. त्रिकोणाचा अर्थ एकच असतो. शिवाय कारखान्याने रात्रभर चालणारा एक फोन क्रमांक आणि दोन ट्रॅक्टर ठेवावेत, जे बंद पडलेली ट्रॉली ओढून बाजूला घेतील. मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम धोकादायक जागी वाहन उभे ठेवायला मनाई करते, पण मोडलेल्या एक्सलला कलम वाचून दाखवून ट्रॉली हलत नाही.

कारखान्याबाहेरच्या रांगांचेही बघावे. गव्हाण भरलेली असली की नंबर लागेपर्यंत ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने, कधी अर्ध्या डांबरावर, उभ्या राहतात. पाटस, आलेगाव, पाटेठाण, जातेगाव हे सगळे कारखाने ज्या रस्त्यांवर आहेत त्यांवरून शाळेच्या बसही जातात. वाहनतळ किती वाहनांचा आहे त्यापेक्षा जास्त तोड दिवसाला देऊ नये, एवढे बंधन आपले कार्यालय घालू शकते.

या सगळ्यात ट्रॅक्टरचालकाला गुन्हेगार ठरवू नये, ही विनंती मनापासून आहे. तोही बहुधा कर्जाने घेतलेल्या ट्रॅक्टरचा हप्ता फेडणारा, एका रात्रीत दोन खेपा टाकल्या तरच हिशेब जुळणारा माणूस असतो. ट्रॉलीवर मागे, उसाच्या मोळ्यांवर, कधी बीड किंवा अहिल्यानगरहून आलेल्या टोळीतले कुटुंब बसलेले असते. मागून येणारी धडक दुचाकीस्वाराला मारते, तशी त्यांनाही खाली फेकते.

शेवटची मागणी नोंदीची. हंगामात ऊसवाहनाला पाठीमागून धडकून झालेल्या प्रत्येक अपघाताची माहिती कारखान्याने आपल्या कार्यालयाला आठवड्याच्या आत द्यावी, आणि तिच्यात ठरावीक गोष्टी असाव्यात : वाहन उभे होते की चालते, मागचा दिवा लागत होता का, पट्टी उघडी होती का, स्वच्छ होती का, त्रिकोण किती अंतरावर होता. गाळपाचे टन आणि उताऱ्याचे टक्के जसे आपले कार्यालय हंगामभर प्रसिद्ध करते, तशीच ही नोंद तालुकावार प्रसिद्ध व्हावी. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपासून सुरुवात करावी. इथे दोन महामार्ग आहेत, दोन औद्योगिक वसाहती आहेत, नदीच्या दोन्ही काठांना ऊस आहे आणि कारखाने एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. पुढच्या हंगामासाठी परवान्याचे अर्ज बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी आपल्या टेबलावर येतील, तेव्हा ही अट त्यांत छापलेली असावी.

आपले,
शिरूर आणि दौंडच्या रस्त्यांवरून रात्री ये-जा करणारे नागरिक